हरताळाखालची ओवी

एका राज्यात पुस्तके जाळायची चाल नव्हती. अक्षर म्हणजे देवाचे पाऊल, ते आगीत कसे घालावे, असे तिथले लोक मानीत. म्हणून नको असलेल्या अक्षरावर ते हरताळ फासत. हरताळ म्हणजे एक पिवळा दगड. तो खलात घोटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि कुंचल्याने ओळीवर फिरवायचा. ओळ जिथल्या तिथे राही, फक्त दिसत नसे. धूर नाही, आरडाओरडा नाही, पाप तर नाहीच नाही. कोणी विचारलेच तर झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मोकळे होत.

त्या राज्यात एक मूळ पोथी होती आणि ती आपली आपणच लिहीत असे. कोणी नवे गाणे रचले, कोणाच्या घरी मूल जन्मले, कोणी राजा मेला, की त्याची ओळ पोथीच्या पानावर उमटे. आणि पोथीत जे असे तेच लोकांच्या ध्यानात राही. एवढे मोठे धन, पण त्याला शाप जडला होता. पोथीची किल्ली महापीठाकडे होती. महापीठाचे प्रमुख त्रिमलाचार्य मोठे तपस्वी आणि तितकेच मोठे मांत्रिक. हरताळ घोटताना ते त्यात एक मंत्र घालीत. त्या हरताळाने ओळ झाकली, की ती राज्यातल्या प्रत्येक माणसाच्या मनातूनही जाई. काय गेले हे कोणालाच आठवत नसे, त्यामुळे कोणाची तक्रारही नसे. लोक म्हणत, पीठाने झाकले म्हणजे वाईटच असणार.

हरताळ लावायचे काम मायदेव नावाच्या माणसाकडे होते. तीस वर्षे तो ते करीत होता. त्याला वाचता येत नसे, आणि म्हणूनच त्याला निवडले होते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ओळ अडकून बसते, असे पीठाचे म्हणणे. पण पीठाचा एक रिवाज होता. ओळ झाकण्याआधी ती एकदा मोठ्याने वाचायची, जसे मरणाऱ्याच्या कानात देवाचे नाव सांगतात तसे. वाचक वाची, मायदेव "ऐकलं" म्हणे आणि कुंचला फिरवी. मग समासात आपला अंगठा तांबड्या शाईत बुडवून उमटवी. त्याचे काम फार सफाईचे होते. पिवळ्याचा एक ओघळ कधी खाली उतरला नाही. या गोष्टीचा त्याला अभिमान होता, आणि असा अभिमान बाळगणारी माणसे राज्याराज्यांत असतात. त्यांच्यावाचून कोणाही आचार्याचे काही चालत नाही.

मायदेवाच्या घरी त्याची बायको उमाई आणि एक पाळणा होता.

पाळणा कोणाचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यांना मूल झाल्याचे आठवत नव्हते. पण उमाई रोज पहाटे उठे, दळण टाकून पाळण्याशी बसे आणि दोरी ओढीत राही. "का ओढतेस?" असे मायदेवाने विचारले तर म्हणे, "हात जातो हो. मी नाही ओढत." एके काळी ती जात्यावर ओव्या रची, आणि चार घरच्या बाया त्या ऐकायला येत. आता तिच्या तोंडून ओवी फुटत नव्हती. सात वर्षे ती अशी झिजत होती. वैद्य नाडी बघत आणि म्हणत, हिला दुःख झाले आहे, पण दुःखच सापडत नाही, तर औषध कशावर देऊ? त्या वर्षी तर ती इतकी वाळली की पुढचा पावसाळा बघेल असे कोणाला वाटत नव्हते. मायदेवाचा जीव तुटे. तिच्यावाचून त्याला जगात दुसरे कोणी नव्हते.

अशात राजा सोमदत्ताच्या बापाचे पहिले वर्षश्राद्ध आले. राजा नदीकाठी पाटावर बसला, ओंजळीत तीळ आणि पाणी घेतले. उपाध्याय म्हणाले, "महाराज, पित्याचं नाव घ्या." राजाने तोंड उघडले आणि उघडेच ठेवले. नाव येईना. उपाध्यायांना येईना, प्रधानाला येईना, नव्वद वर्षांच्या दाईला येईना. ओंजळीतले पाणी बोटांतून गळून गेले. नाव न घेता पाणी कोणाला द्यायचे?

राजाने त्रिमलाचार्यांना बोलावले.

"आचार्य, माझ्या बापाचं नाव काय?"

"जे आठवत नाही, महाराज, ते आठवण्याजोगं नसेल."

"बापाचं नाव आठवण्याजोगं नसतं?"

"कधी कधी नसतं," असे म्हणून आचार्य उठून गेले. त्यांना अडवायची राजाची छाती झाली नाही. देवापुढे आणि देवाच्या माणसांपुढे राजेसुद्धा मान खाली घालतात.

मग राजाने मायदेवाला एकट्याला बोलावून घेतले आणि म्हणाला, "तू पोथीचा माणूस. माझ्या बापाचं नाव आणून दे. मागशील ते देईन."

मायदेवाने हात जोडले. "महाराज, मी झाकणारा. उघडायचं कसं ते मला कोणी शिकवलं नाही." असे म्हणून तो परतला. आपण बरे नि आपले काम बरे, हा त्याचा जन्माचा बाणा.

पण पीठाच्या ग्रंथागाराच्या खिडकीत एक साळुंकी येत असे. मायदेव तिला रोज मूठभर ज्वारी टाकी. पाखरांची नावे मूळ पोथीत नव्हती, त्यामुळे पाखरे काही विसरत नसत. त्या दिवशी साळुंकी दाण्याला शिवली नाही.

"राजाचा बाप झाकला," ती म्हणाली, "तसं तुझंही माणूस झाकलंय, मायदेवा. पाळणा कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे."

मायदेवाच्या हातातली ज्वारी सांडली. "सांग."

साळुंकीने नाव सांगितले. मायदेवाला नुसता वारा ऐकू आला. तिने पुन्हा सांगितले, पुन्हा वारा. तिसऱ्यांदाही तसेच.

"झाकलेलं माणसाच्या कानात शिरत नाही," साळुंकी म्हणाली. "हरताळ धुवावा लागेल. त्याला तीन गोष्टी हव्यात. विचारी विहिरीचं पाणी, उद्धटकवीचा बोरू आणि भुयारातल्या नागाची परवानगी."

"हे सगळं केलं तर उमाई जगेल?"

"जगेल. सुखी होईल असं मी म्हटलेलं नाही."

मायदेवाने ते शेवटचे बोलणे मनावर घेतले नाही. माणसे घेत नाहीत. त्याने दशमी बांधून घेतली, उमाईला शेजारणीच्या हवाली केले आणि निघाला. कोणा नतद्रष्टाने माझ्या घरचे माणूस झाकले, असे तो वाटभर मनाशी म्हणत होता. ते झाकले त्या दिवशी आपल्याला सुट्टी असेल, दुसऱ्याच कोणी कुंचला धरला असेल, अशी त्याने समजूत करून घेतली होती.

पूर्वेला सात कोसांवर विचारी विहीर होती. तिला पाणी भरपूर, पण पोहरा रिकामाच वर येई. जो प्रश्न विचारील त्यालाच ती पाणी देई, आणि प्रश्नही साधा चालत नसे. मायदेवाने पोहरा सोडला आणि विचारले, "पाणी देशील का, आई?"

"याचं उत्तर तुला ठाऊक आहे," विहीर म्हणाली. पोहरा रिकामा आला.

मायदेव विचारात पडला. तीस वर्षांत त्याने कोणाला काही विचारले नव्हते. त्याला प्रश्नांची सवयच नव्हती. मग त्याला वाटले, मोठा प्रश्न विचारावा. त्याने छाती पुढे काढून विचारले, "देव आहे की नाही?"

विहीर हसली. तिचे हसणे खालून वर यायला बराच वेळ लागला. "हा प्रश्न तुझा नव्हे. कुणाचा तरी उसना आणलास. ज्याच्या उत्तराची तुला भीती वाटते ते विचार."

मायदेव काठावर बसला. त्याने दशमीही सोडली नाही. उन्हे कलायला लागली तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझ्या घरातलं माणूस कुणी झाकलं?"

 दोर ताठ झाला, आणि पोहरा इतका जड झाला की वर ओढताना त्याचे तळहात सोलून निघाले. त्याने पाणी तुंब्यात भरले, तोंडाला बूच घातले आणि उत्तराची वाट न बघता निघाला. खरे तर थांबायला हवे होते.

दक्षिणेला एका तळ्याकाठी बोरूचे बेट होते. हे बेट कोणे एके काळी एक माणूस होता. तो कवी होता आणि लोक त्याला उद्धटकवी म्हणत. त्याच्या कवितेवर कितीही हरताळ फासला तरी तो दुसऱ्या दिवशी नवी रची. शेवटी आचार्य कंटाळले आणि त्यांनी त्याला बोरू करून टाकले. करायला गेले एक नि झाले भलतेच: एक कवी होता त्याचे शंभर बोरू झाले, आणि वारा सुटला की शंभरही एकदम कविता म्हणत.

मायदेव म्हणाला, "एक बोरू हवा होता."

"मिळेल," बेट म्हणाले. "माझी कविता पुरी ऐकावी लागेल. तीन दिवसांची आहे. मध्ये उठायचं नाही, कानात बोटं घालायची नाहीत, नमस्कारसुद्धा करायचा नाही."

पहिल्या दिवशी कवीने पीठाची टर उडवली. मायदेव चुळबुळला, पण बसून राहिला. दुसऱ्या दिवशी कवीने देवालाच धरले. देवाचे नाक, देवाची झोप, देवाचा हिशेबीपणा. मायदेवाचे कान तापले. इतकी वर्षे पहाटे ज्याच्यापुढे त्याने डोके टेकवले त्याच्याविषयी हे ऐकायचे! त्याने दोनदा उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला आणि दोनदा काढून घेतला. आकाश काही कोसळले नाही. तळ्यातला बगळा मासा धरीत राहिला.

तिसऱ्या दिवशी कवी हरताळ लावणाऱ्यांकडे वळला.

*मालक म्हणतो झाक रे, गडी म्हणतो झाकतो;*
*काय झाकलं विचारता, डोकं खाजवीत बसतो.*

अशा दोनशे ओळी होत्या. देवाची निंदा ऐकताना जो नुसता तापला, तो आता मुठी वळू लागला. माणसाचे असेच असते. देवाचा अपमान सोसतो, पण स्वतःचा सोसवत नाही. बोरू मुळासकट उपटावेत असे त्याला वाटले. मग एका ओळीला, का कोण जाणे, त्याला हसू आले. त्याचा हात खरोखरच डोक्याकडे गेला होता.

संध्याकाळी कविता संपली.

"आवडली?" बेटाने विचारले.

"नाही."

"मग उठून गेला का नाहीस?"

"गेलो असतो तर बोरू मिळाला नसता."

"खोटी स्तुती केली असतीस तर दिला नसता," बेट म्हणाले आणि त्यातला सर्वांत सरळ बोरू आपण होऊन वाकला. मायदेवाने तो कापून घेतला.

आता राहिले भुयार. ते ग्रंथागाराच्या पोटात होते. तिथे मूळ पोथी एका दगडी चौरंगावर असे आणि तिच्याभोवती एक म्हातारा नाग वेटोळे घालून बसे. मायदेवाला तो तीस वर्षे ओळखत होता. रोज तो वाट सोडी; त्या दिवशी सोडली नाही.

"आज कुंचला नाही तुझ्या हातात," नाग म्हणाला.

"आज धुवायला आलोय."

"ज्याने झाकलं त्यानेच धुवावं. दुसऱ्याचा हात लागला तर पान राख होईल. आणि धुण्याआधी मोठ्याने म्हणावं लागतं: हे मी केलं."

"इतर पानांबद्दल म्हणेन," मायदेव म्हणाला. "पण माझ्या घरच्या माणसाचं पान दुसऱ्या कुणीतरी झाकलंय. त्याला कुठून आणू?"

नागाने शेपटीने पाने उलटायला सुरुवात केली. प्रत्येक समासात तांबडा अंगठा होता. मायदेवाच्या उजव्या अंगठ्यावर विळीचा जुना वण होता, तिरपा. प्रत्येक तांबड्या ठशावर तो तिरपा वण होता. पहिल्या पानावर होता, मधल्या पानावर होता आणि शेवटच्या पानावरही होता. दुसऱ्या कोणाचा ठसा पोथीभर नव्हता. तीस वर्षांत मायदेवाने एक दिवससुद्धा सुट्टी घेतली नव्हती.

तो खाली बसला. अंगठ्याच्या वणावरून बोट फिरवीत म्हणाला, "हे मी केलं."

"मोठ्याने."

"हे मी केलं!" मायदेव ओरडला, आणि नागाने वेटोळे सोडले.

त्याने तुंब्यातले पाणी थेंबथेंब टाकून हरताळ भिजवला आणि बोरूच्या टोकाने पिवळा पापुद्रा उचलला. राजाच्या बापाची ओळ आधी निघाली. त्याला वाचता येत नव्हते, पण ओळ मोकळी झाली की तिचा आवाज त्याच्या मनात आपोआप उमटे. राजाच्या बापाचे नाव वीरकेतू. त्याने एकदा भर सभेत पोथीची किल्ली मागितली होती, एवढाच त्याचा गुन्हा. वर राजवाड्यात सोमदत्ताने "बाबा!" अशी हाक मारली ती भुयारात ऐकू आली.

मग एकेक ओळ निघू लागली. कोण्या कुंभारणीने सांगितलेले तापावरचे औषध होते. मंत्र न म्हणता गुण येतो असे त्यात लिहिले होते म्हणून झाकलेले. ते उघडले तेव्हा मायदेवाने मनातल्या मनात त्या तापाने गेलेली माणसे मोजायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. लग्नात बायका म्हणत त्या चावट उखाण्यांची दोन पाने होती. पृथ्वी कशावर उभी आहे याविषयी एका गुराख्याची शंका होती. शंका चुकीची होती. पण झाकल्यामुळे ती चुकीची आहे हेही कोणाला कधी कळले नव्हते. वर गावात लोक घराबाहेर येऊन एकमेकांना हाका मारू लागले. कोणी हसत होते. एक म्हातारी, ज्याला सांगायचे ते माणूस आता राहिले नाही, म्हणून कपाळ बडवीत होती.

एकच पान उरले तेव्हा जिन्यावर पावले वाजली. त्रिमलाचार्य उतरून आले. मायदेवाला वाटले, आता आपला बोरू होणार. पण आचार्य चौरंगाच्या कडेला टेकले. ते फार थकलेले दिसत होते.

"ते एक राहू दे, मायदेवा. तुझ्यासाठी सांगतो."

"त्याखाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"हरताळ घोटणारा विसरत नाही. तुम्ही सगळे विसरलात आणि मी एकट्याने सगळं लक्षात ठेवलं. प्रत्येक शिवी, प्रत्येक शंका, प्रत्येक रडणं. तुमच्या श्रद्धेला तडा जाऊ नये म्हणून. तीस वर्षं मला झोप नाही."

"आम्हाला विचारलं होतंत?"

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. या माणसाने प्रश्न विचारल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. "इतरांना नाही विचारलं," ते म्हणाले. "तुला विचारलं होतं."

मायदेवाला त्याचा अर्थ कळला नाही. त्याने पाण्याचा शेवटचा थेंब टाकला आणि पापुद्रा उचलला. उमाईच्या आवाजात ओवी उमटली:

*तुझ्या देव्हाऱ्यात देवा, दिवे लागती हजार;*
*माझ्या घरीचा एकुला, नेला करूनी अंधार.*

*गोजाई तान्ही माझी, पाच महिन्यांची पाहुणी;*
*कडी होती दाराला, देवा आलास चोरावाणी.*

गोजाई. हसताना तिच्या एकाच गालाला खळी पडे. ती मायदेवाच्या बोटाला धरून झोपे. तीन दिवस ताप आला आणि गेली. कुंभारणीचे औषध तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हते. ते त्यानेच आदल्या वर्षी झाकले होते.

आणि तो दिवसही आठवला. पोर जाऊन एकोणीस दिवस झाले होते. वाचकाने "तुझ्या देव्हाऱ्यात" एवढे म्हणताच मायदेवाने ओवी ओळखली होती. त्याच पहाटे ती त्याने जात्यावर ऐकली होती. वाचकाने पुरती वाचली. देवाला चोर म्हटले होते. आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारले होते, "मायदेवा, ओवीत पोरीचं नाव आहे. हे झाकलं की तुम्हा दोघांचं दुःख जाईल, पण पोरही जाईल. तू नको म्हणालास तर आज मी ठेवून देईन." आणि मायदेवाला त्या दुःखातून सुटायचे होते. कोणी त्याचा हात धरला नव्हता, कोणी धमकावले नव्हते. तो "ऐकलं" म्हणाला आणि कुंचला फिरवला. एक ओघळही खाली आला नाही.

मायदेव पोथीवर डोके ठेवून रडला.  आचार्य म्हणाले, "आता मला झोप येईल," आणि भिंतीला टेकून खरोखरच झोपले. जागे झाल्यावर त्यांच्या तोंडून एकही मंत्र निघाला नाही.

मायदेव घरी धावला. उमाई अंगणात बसली होती. भोवती बाया होत्या आणि ती हंबरडा फोडून रडत होती, सात वर्षे राहिलेले रडणे. तिच्या तोंडावर किती दिवसांनी रंग आला होता. त्याला बघताच ती म्हणाली, "आपली गोजाई हो! आपण विसरलो तिला! आई असून मी विसरले!"

त्या क्षणी तो गप्प राहिला असता तर तिला कळलेही नसते. अंगठ्याचा ठसा बघायला भुयारात कोण उतरणार होते? पण हे मी केले, असे एकदा मोठ्याने म्हटलेले तोंड पुन्हा मिटेना.

"मी झाकली तिला, उमाई. माझ्या हाताने."

बाया उठून बाजूला झाल्या. उमाईचे रडणे थांबले.

"झाकण्याआधी वाचून दाखवतात ना?" तिने विचारले. "तुम्ही ऐकली होतीत?"

"ऐकली होती."

"पुरती?"

"पुरती."

ती पुढे काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिने ताट वाढले, पाणी दिले, पण शब्द दिला नाही. ती जेवू लागली, तिच्या अंगात ताकद आली, वैद्याने हात जोडून नमस्कार केला. साळुंकी म्हणाली होती तसे झाले, उमाई जगली.

राज्याची घडी बसली. राजाने बापाच्या नावाने नदीत पाणी सोडले. ग्रंथागाराची दारे बिजागरीतून काढून टाकली. पीठाकडे देवाची पूजा राहिली, पोथी राहिली नाही. तळ्याकाठच्या बोरूंचा पुन्हा एक माणूस झाला आणि त्याने गावात येताच राजाच्या मिशांवर कविता केली. राजाला ती मुळीच आवडली नाही, पण त्याने ती ऐकून घेतली.

महिन्याभराने राजाने मायदेवाला बोलावले. राजाच्या हातात एक वाटी होती, हरताळाने अर्धी भरलेली.

"आचार्यांच्या खोलीत एवढा उरला होता," राजा म्हणाला. "मंत्रासकट. मी सांडून देणार होतो. पण पोथीत एक नवी ओवी उमटली आहे. तुझ्या उमाईने आज पहाटे गायली. ऐकवू?"

मायदेवाने मान डोलावली. राजाने वाचली:

*चोर देवाला म्हटलं, मीच चुकले गं बाई;*
*मायदेवाच्या हाताने, दुसऱ्यांदा गेली गोजाई.*



"गावातल्या बाया ती आत्ताच म्हणू लागल्या आहेत," राजा म्हणाला. "शंभर वर्षांनी तू नसशील, मी नसेन, ही ओवी असेल. तू माझा बाप मला परत दिलास. मागशील ते देईन म्हणालो होतो. एकदाच, एकाच ओळीसाठी हा हरताळ वापरीन. तुझी बायको विसरेल, तू विसरशील. ती तुझ्याशी बोलू लागेल. सांग, लावू?"

मायदेव वाटीकडे बघत राहिला. घरी बोलणारी बायको हवी, असे त्याला किती वाटत होते ते त्यालाच ठाऊक. सुटायचे तर अजूनही होते. सुटणे किती सोपे असते, तेही त्याला ठाऊक होते.

"राहू द्या, महाराज," तो म्हणाला.

"अरे, तुझं नाव जगात राहील ते याच एका ओवीत. तुला चालेल?"

"माझी पोरही त्याच ओवीत आहे, महाराज. तिच्या शेजारी माझं नाव दुसरीकडे कुठं राहणार?"

राजाने वाटी नदीत रिकामी केली. पाणी थोडा वेळ पिवळे झाले आणि वाहून गेले. मायदेव घरी गेला तेव्हा उमाई दळत होती. तो उंबऱ्याशी बसला आणि तिने म्हटलेली ओवी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि जगला तोवर रोज ऐकत राहिला.

ज्याने ही कहाणी मला सांगितली त्याला ती सगळी आठवत नव्हती. मलाही नाही. जेवढी उरली तेवढी सांगितली. गाळलेले ज्याला ठाऊक असेल त्याने जोडून घ्यावे.